रस्ता जिथे संपतो...

ऑस्ट्रेलिया म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? मेलबर्नचं एम.सी.जी., सिडनीचं ऑपेरा हाउस, पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन उड्या मारणारी कांगारू, आणि थंडीत पहाटे पाचला उठून, रजई गुंडाळून बघितलेली टेस्ट मॅच! आमच्या कॉन्व्हेंटच्या जॉग्रफीच्या पुस्तकात तर अख्खा खंड अडीच पानांत संपायचा. मेंढ्या, गहू, लोखंड, ग्रेट बॅरियर रीफ, दॅट्स ऑल. पण मंडळी, या लेखात ना मेलबर्न आहे ना सिडनी. या दोघांच्या साधारण मध्यावर, समुद्राच्या काठी एक चिमुकलं गाव आहे. नाव मॅलाकूटा. लोकसंख्या हजार-अकराशे. म्हणजे आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला जेवढी गर्दी होते त्यापेक्षाही कमी!

माझी आत्या गेली पंधरा वर्षं मेलबर्नला असते. २०२४ च्या डिसेंबरात थर्ड सेमचा शेवटचा पेपर टाकला आणि दोन दिवसांत मी विमानात होते. काकांनी बॉक्सिंग डेच्या टेस्टची तिकिटं काढून ठेवली होती, त्यामुळे "ख्रिसमसच्या आधी कुठेतरी जाऊन येऊ" असं ठरलं. मला वाटलं, नेतील एखाद्या मॉलबिलमध्ये. पण आत्या म्हणाली, "तुला एक गाव दाखवायचंय. रस्ता संपतो ना, तिथे आहे."

आणि खरंच, रस्ता तिथे संपतो. मेलबर्नहून पूर्वेकडे प्रिन्सेस हायवेने निघायचं. बेर्न्सडेल, ऑर्बोस्ट, कॅन रिव्हर अशी गावं मागे पडत जातात, तसतशी वस्ती विरळ होते आणि जंगल दाट होतं. पाचशेहून अधिक किलोमीटर, सहा-साडेसहा तास. जेनोआ नावाच्या ठिपक्याएवढ्या वस्तीपाशी हायवे सोडून उजवीकडे वळायचं, आणि मग चोवीसेक किलोमीटर फक्त निलगिरीचं जंगल. दुसरं काही नाही. ना धाबा, ना पेट्रोल पंप, ना मोबाईलची रेंज. हा गावात जायचा डांबरी रस्ता. गावातून बाहेर पडायचाही हाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंगल अचानक संपतं आणि समोर पाणी दिसतं. पण हा समुद्र नव्हे. जेनोआ आणि वॉलागारा या दोन नद्या समुद्राला मिळण्याआधी इथे पसरतात आणि दोन मोठे तलाव तयार होतात. एकाचं नाव टॉप लेक, दुसऱ्याचं बॉटम लेक. (नावं ठेवण्यात ऑस्ट्रेलियन माणूस फार डोकं चालवत नाही. दोन तलावांना जोडणाऱ्या चिंचोळ्या भागाचं नाव आहे 'द नॅरोज'!) बॉटम लेकच्या पुढे वाळूचा एक दांडा, त्या दांड्याला पडलेलं एक तोंड, आणि तोंडापलीकडे खवळलेला टास्मान समुद्र. एका बाजूला आरशासारखं पाणी आणि त्यावर काळे हंस नि पेलिकन, दुसऱ्या बाजूला माणसाएवढ्या लाटा. मधे वाळू. आमच्या मेकॅनिक्सच्या सरांनी लॅमिनार आणि टर्ब्युलंट फ्लो शिकवायला वर्गाऐवजी इथे आणलं असतं तर निम्म्या वर्गाच्या केट्या वाचल्या असत्या.

गावाच्या तिन्ही बाजूंना क्रोआजिंगोलाँग नॅशनल पार्क आहे. (हे नाव मी प्रवासात दहा वेळा म्हणून पाठ केलं.) ८७ हजार हेक्टरांहून मोठं जंगल! गोऱ्यांच्या आधी हजारो वर्षं इथे बिदवेल, गुनाईकुर्नाई आणि युइन लोकांचा वावर होता. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थर अजूनही किनाऱ्यालगत सापडतात. म्हणजे मासे-शिंपले खायला माणसं या टोकाला येतात, ही परंपरा काही नवीन नाही.

तलावाच्या काठी हिरवळीवर शेकडो तंबू आणि कॅरॅव्हॅन मावतील असा कॅम्प आहे. ख्रिसमसच्या सुट्टीत हजाराचं गाव आठेक हजारांवर जातं. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नुकती सुरू होत होती. काही कुटुंबं म्हणे तीन-तीन पिढ्या दरवर्षी त्याच जागेवर तंबू ठोकतात. आपल्याकडे गणपतीला गावी जातात तसंच की! गावात एक मुख्य रस्ता, बेकरी, सुपरमार्केट, पब, बारावीपर्यंतची एक शाळा. स्वतःचं साप्ताहिक आहे, त्याचं नाव 'मॅलाकूटा माउथ'. तलावाचं तोंडही 'माउथ' आणि गावाच्या बातम्या सांगणारंही 'माउथ'! मला हा विनोद प्रचंड आवडला. संध्याकाळी कांगारू गोल्फच्या मैदानावर चरायला येतात आणि खेळणारे त्यांना वळसा घालून खेळतात. पहाटे कुकाबारा पक्षी हसतो. हसतो म्हणजे अक्षरशः खदखदून, हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये रात्री दोन वाजता हसतात तसा.

इथला मुख्य धंदा म्हणजे अबलोनी. ही एक मोठी, कानाच्या आकाराची सागरी गोगलगाय. चीन, हाँगकाँग, जपानमध्ये तिला सोन्याचा भाव. इथले पाणबुडे पाठीवर टाकी न घेता काम करतात. बोटीवर कॉम्प्रेसर असतो आणि तिथून लांब रबरी नळीने खाली हवा जाते. थंडगार पाण्यात तासन् तास, खडकाला चिकटलेली गोगलगाय हत्याराने एकेक सोडवायची. कोणी किती काढायच्या याचा कोटा ठरलेला, मापापेक्षा लहान असेल तर तिथेच ठेवायची. अलीकडे नवीनच संकट आलंय. समुद्राचा उबदार प्रवाह उत्तरेकडून जास्त जोरात खाली येऊ लागला आणि त्याबरोबर लांब काट्यांचे सी-अर्चिन आले. ते खडकावरचं समुद्री शेवाळ खाऊन साफ करतात आणि मागे उघडाबोडका खडक ठेवतात. शेवाळ गेलं की अबलोनीही गेली. म्हणून आता पाणबुडे अर्चिनही काढतात.

एका सकाळी लांबून गाबो बेटावरचं दीपगृह बघितलं. १८५३ मध्ये या भागात 'मॉन्युमेंटल सिटी' नावाची अमेरिकन आगबोट खडकावर फुटली आणि तीसहून जास्त माणसं बुडाली. पुढे १८६२ मध्ये त्याच बेटाच्या गुलाबी ग्रॅनाइटमधून ४७ मीटर उंचीचं हे दीपगृह उभं राहिलं. बेटावर लिटल पेंग्विनची मोठी वसाहत आहे. दीडशेहून जास्त वर्षं खारा वारा खाऊनही दगड ताठ. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.

आता थोडं माझ्या ब्रँचबद्दल. मी इलेक्ट्रिकलची, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी खांब बघते. मॅलाकूटाला वीज येते ती कॅन रिव्हरच्या बाजूने, जंगलातून येणाऱ्या एकाच लांबलचक लाइनने. यालाच आपण रेडियल फीडर म्हणतो. मधे कुठेही एक फांदी पडली की शेवटचा ग्राहक अंधारात. आणि शेवटचा ग्राहक म्हणजे अख्खं मॅलाकूटा! व्हायव्हाला विचारतात ना, "रेडियल सिस्टीमचा तोटा सांगा?" त्याचं जिवंत उत्तर म्हणजे हे गाव. एक रस्ता, एक लाइन, मागे समुद्र.

२०१९ हे ऑस्ट्रेलियातलं नोंदवलेलं सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष होतं. २९ डिसेंबरला गावापासून तीसेक किलोमीटरवर जंगलात वीज पडली आणि आग लागली. आधीच वाळलेलं रान, त्यात निलगिरीच्या पानांत तेल. आणि निलगिरीच्या सालीची एक गंमत असते, म्हणजे गंमत कसली! साल लांब लांब पट्ट्यांनी सुटते, पेटते आणि वाऱ्याबरोबर आगीच्या पुढे किलोमीटरच्या किलोमीटर उडत जाते. त्यामुळे ज्वाळा घरापर्यंत पोचायच्या आधीच निखारे छपरावर पडतात. लोकांना निघून जायला सांगेपर्यंत उशीर झाला होता. एकुलता एक रस्ता जंगलातून, आणि जंगल पेटलेलं. रस्ता बंद झाला. गावात तेव्हा सुट्टीची माणसं धरून सुमारे चार हजार लोक अडकले.

पुढचं मी जेट्टीवर मासे पकडत बसलेल्या एका आजोबांकडून ऐकलं. वय सत्तरच्या पुढे. त्यांच्या बादलीशेजारी माशांचं माप घ्यायची पट्टी होती. फ्लॅटहेड नावाचा मासा फार लहान असला तरी सोडायचा आणि फार मोठा असला तरीही सोडायचा, कारण मोठ्या त्या माद्या, अंडी घालणाऱ्या. हे त्यांनी मला समजावून सांगितलं आणि एक चांगला हातभर मासा परत पाण्यात टाकला. मी विचारलं, "आगीच्या वेळी तुम्ही इथेच होतात?"

ते गळाकडे बघतच बोलत होते. "३१ तारीख. सकाळचे नऊ वाजले होते आणि रात्र झाली. म्हणजे हात समोर धरला तर दिसेना. मग काळ्याचं लाल झालं. सगळे इथे, पाण्याच्या काठाला. म्हातारी माणसं, पोरं, कुत्री, एकीकडे घोडासुद्धा होता. सांगितलं होतं, सायरन वाजला की पाण्यात उतरायचं. बायकोला मी बोटीत बसवून तलावात नेलं. ओले टॉवेल डोक्यावर. गॅसच्या टाक्या फुटल्याचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला कोणीतरी म्हणायचं, हे अमक्याचं घर."

गावच्या स्वयंसेवक फायर ब्रिगेडच्या माणसांनी बंब लोकांभोवती उभे केले. स्वयंसेवक म्हणजे काय, तर बेकरीवाला, प्लंबर, शिक्षक अशीच माणसं. आणि मग वारा फिरला. आग पाण्याकाठापासून दुसरीकडे वळली. किनाऱ्यावर जमलेले सगळे वाचले. पण शंभराहून जास्त घरं गेली. त्यातलं एक या आजोबांचं. पुढचे कित्येक दिवस लाटांबरोबर मेलेले पोपट किनाऱ्यावर येत राहिले. आग चुकवायला ते समुद्रावर उडाले होते, आणि समुद्रावर बसायला फांदी नसते.

रस्ता तर कित्येक आठवडे बंदच होता. मग सुटका कुठून? समुद्राकडून! नौदलाचं 'एच.एम.ए.एस. शूल्स' हे जहाज आलं आणि ३ जानेवारी २०२० ला सुमारे हजार माणसं, त्यांची कुत्री-मांजरं घेऊन मेलबर्नजवळच्या वेस्टर्न पोर्टला निघालं. ज्या समुद्रामुळे हे गाव 'शेवटचं' ठरतं, तोच त्या दिवशी एकमेव दरवाजा झाला. आपण नकाशावर ज्याला टोक म्हणतो, ते कोणत्या बाजूने बघतोय त्यावर असतं, नाही का?

त्यानंतर या गावाला श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नाही. मार्चमध्ये करोना. जुलैत व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांची सीमा बंद. सीमा गावापासून जवळ आणि जवळचं मोठं हॉस्पिटल सीमेपलीकडे! तरीही लोकांनी बैठका घेतल्या, मतदान करून स्वतःची पुनर्वसन समिती निवडली, काय आधी आणि काय नंतर ते आपसांत भांडून ठरवलं. (भांडण हा शब्द आजोबांचाच. आगीच्या आधी हे गाव बॅस्टियन पॉइंटला बोटींसाठी धक्का बांधावा की नाही यावर कित्येक वर्षं भांडत होतं म्हणे. मच्छीमार एका बाजूला, लाटांवर सर्फिंग करणारे दुसऱ्या बाजूला. ऐकून अगदी घरच्यासारखं वाटलं.) आणि २०२१ मध्ये गावात १ मेगावॉटची बॅटरी आणि तेवढाच डिझेल जनरेटर बसला. जंगलात लाइन पडली तरी गाव आता काही तास स्वतःच्या पायावर चालू शकतं. पॉवर सिस्टीम्सच्या पेपरात ज्याला आयलँडिंग म्हणतात आणि आपण पाच मार्कांसाठी रट्टा मारतो, ते मी डोळ्यांनी बघितलं. म्हणजे तसं बघण्यासारखं काही नसतं हो, कुंपणाच्या आत पांढऱ्या पेट्या असतात. पण मी त्या कुंपणाशी पंधरा मिनिटं उभी होते. काका गाडीचा हॉर्न वाजवून थकले.

जंगलात पाच वर्षांनंतरही आग दिसते. बुंधे कोळशासारखे काळे, आणि त्या काळ्या बुंध्यांतून थेट हिरव्या पानांचे झुबके फुटलेले. निलगिरीच्या सालीखाली झोपलेले कोंब असतात, ते आगीनंतर जागे होतात. बँक्सिया नावाच्या झाडाची बोंडं तर अशी की आग लागल्याशिवाय बहुतेक उघडतच नाहीत. झाडांचं ठीक आहे. माणसाच्या सालीखाली कोंब असतात का?

मी आजोबांना विचारलं, "मग परत इथेच घर का बांधलंत?"

ते जरा हसले. "मेलबर्नला मुलाकडे चार महिने राहिलो. सून चांगली आहे, नातवंडं चांगली आहेत. पण तिथे मला कोणी काही काम सांगायचं नाही. इथे कोणाच्या बोटीचा पंप बिघडला तरी माझ्या दारात येतात." एवढं बोलून ते गळाला आमिष लावायला लागले.

माझ्या शेजारी आत्या उभी होती. ती काहीच बोलली नाही. मला कारण माहीत होतं.

आमची आजी दिवेआगरला एकटी राहते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. मॅलाकूटाच्या आगीनंतर जेमतेम पाच महिन्यांनी. दुपारभरात वाडीतल्या पोफळी आणि माड आडवे झाले, घराची कौलं गेली, वीज यायला महिना उलटला. तेव्हापासून घरात एकच विषय. बाबा म्हणतात वाडी विकून आईला पुण्याला आणू, आत्या मेलबर्नहून फोनवर म्हणते दादा तू उशीर करतोयस. आणि आजी दोघांनाही म्हणते, "मी तिथे येऊन काय करू? गॅलरीत बसून गाड्या मोजू?" वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने पोफळीची नवीन रोपं लावली. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी लागतात. हिशेब आम्हाला सगळ्यांना येतो, बोलत कोणीच नाही.

परतीच्या वाटेवर जेनोआ गेलं, कॅन रिव्हर गेलं, तरी आत्या गप्पच. ऑर्बोस्टला चहाला थांबलो तेव्हा ती मला म्हणाली, "तू इलेक्ट्रिकलची ना? मग आईच्या घराला किती पॅनेल लागतील ते काढ."

मग काय! चहाच्या बिलामागेच सुरुवात केली. दोन पंखे, पाच एलईडी, लहान फ्रिज, मोबाईल चार्जिंग, टीव्ही हवाच (सिरियल चुकली तर वादळापेक्षा मोठं संकट). विहिरीचा पंप मोठा लोड, तो वेगळा ठेवला. बॅटरी किती तास टिकावी यावर काका आणि मी बेर्न्सडेलपर्यंत वाद घातला. आत्याने त्याच रात्री बाबांना फोन केला. दोघं बहीणभाऊ तासभर बोलले, शेवटी थोडे चढ्या आवाजातच. गेल्या मे महिन्यात आजीच्या घरावर पॅनेल बसले. वाडी विकायचा विषय पूर्ण मिटला आहे असं मी म्हणणार नाही, दर दिवाळीला तो फराळाबरोबर येतो. समुद्र तोच आहे आणि पुढचं वादळही येणारच. तिच्या एकटेपणाला पॅनेल हा काही उपाय नव्हे, हेही मला कळतं. पण आता वाद "आजीला कधी आणायचं" असा नसून "आजीला तिथे काय लागेल" असा असतो. हा फरक मला मोठा वाटतो.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार म्हणजे बहुतेक जण मोठ्या शहरांसाठी काम करणार. मेट्रो, डेटा सेंटर, फ्लायओव्हर. छानच आहे. पण फीडरच्या शेवटच्या खांबावरही कोणीतरी राहत असतं, आणि ते तिथे चुकून राहत नसतं. मॅलाकूटाने मला एवढं शिकवलं, आणि तेही अटेंडन्स न घेता!

मे महिन्यात मी आजीला सगळे फोटो दाखवले. तलाव, काळे हंस, जळके बुंधे आणि त्यांवरचे हिरवे झुबके. या शेवटच्या फोटोवर ती बराच वेळ थांबली. चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाली, "माती चांगली दिसत्ये. तिकडे सुपारी होत नाही का गं?"